ओराशित्साचे सत्त्याण्णव टक्के

दार वाजलं तेव्हा तिहोमिरच्या दोन्ही हातांत ताट होतं आणि ताटात अख्खा कार्प मासा. संत निकोलसचा दिवस होता. ओराशित्सातल्या बहुतेक घरांचा कुळाचा संत हाच, त्यामुळे त्या दिवशी सगळं गाव एकमेकांच्या घरी जेवत असतं. कुळाच्या संताच्या या दिवसाला, म्हणजे स्लावाला, कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. दारात येईल तो पाहुणा. त्याला 'का आलास' म्हणून विचारणं म्हणजे स्वतःच्या आजोबांच्या थोबाडीत मारणं. म्हणून दारात उभ्या असलेल्या लाल मफलरवाल्या अनोळखी मुलीला तिहोमिरनं काही विचारलं नाही.

"ये, ये. मासा गार होतोय," एवढंच तो म्हणाला.

"काका, मी बेलग्रादहून आले आहे, ते एका..."

"बेलग्रादहून आलीस आणि दारात उपाशी उभी आहेस? रुझित्सा, अगं ताट आण!"

रुझित्सानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मुलीच्या तोंडात आधी उकडलेल्या गव्हाचा गोड घास घातला, मग हातात प्लमची राकिया, म्हणजे घरची कडक दारू दिली, मग माशाचं सूप, मग मासा, मग घेवड्याची भाजी. मुलीनं बोलायला तोंड उघडलं की त्यात नवा पदार्थ जायचा. तासाभरानं ताट पुढे सरकवून ती कशीबशी म्हणाली, "मी पाहणीसाठी आलेय. लोकांच्या धार्मिक श्रद्धेची पाहणी."

टेबलाभोवतीचे दहा-बारा पाहुणे हसून हसून लोळायचे बाकी राहिले. कारण श्रद्धेबद्दल विचारायला ती साऱ्या गावातून नेमकी तिहोमिरच्या घरी आली होती. सहकारी संस्थेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ जन्मभर एकच गोष्ट सांगत आला होता, की देव नाही. रोज दुपारी तो आमच्या फादर गावरिलोंबरोबर बुद्धिबळ खेळायचा आणि प्रत्येक डावाला एकदा तरी देव नसल्याचं सिद्ध करायचा. मग स्लावा कशाला करतोस, असं विचारलं की तो म्हणायचा, "देव वेगळा, आजोबा वेगळे."

मुलीचं नाव इसिदोरा. तिच्या साहेबांनी तिला मुद्दाम या दिवशी पाठवलं होतं, सगळे घरी सापडतील म्हणून. सापडले, पण कुठल्या अवस्थेत सापडतील याचा विचार साहेबांनी केला नव्हता. तिनं फोन काढला आणि पहिला प्रश्न वाचला. "तुमच्या घरी स्लावा श्रद्धेनं साजरी होते का? हो की नाही?"

आता तुम्हीच सांगा. कोपऱ्यात मेणबत्ती जळतेय, भिंतीवर आजोबांचा फोटो आहे, टेबलाला पाहुणे बसलेत, आणि तीन दिवस राबलेली बायको हातात झारा घेऊन आपल्याकडे बघतेय. कोण माई का लाल 'नाही' म्हणेल?

"होते म्हणजे! आजोबांपासून होते!"

"श्रद्धेनं?"

"मग काय, टवाळकीनं?" रुझित्सा मध्येच म्हणाली. "लिही, हो म्हणून."

"संकटात तुम्ही देवाचं नाव घेता का?"

"घेतो की. थंडीत ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा रोज सकाळी घेतो," तिहोमिर म्हणाला. "साऱ्या आळीला ऐकू जातं."

इसिदोरानं 'हो'वर बोट ठेवलं.

"मेल्यानंतर काहीतरी आहे, असं तुम्हाला वाटतं का?"

"आहे ना. भाऊबंदकी!"

पाहुणे पुन्हा हसले. इसिदोरानं बिचारीनं पुन्हा 'हो'वर बोट ठेवलं, कारण तिथं दोनच जागा होत्या आणि माणूस 'आहे' म्हणाला होता. मग ती शेजारच्या घरी गेली. तिथंही कुणी 'का आलीस' विचारलं नाही, आणि तिथंही मासा होता. संध्याकाळी तिला बसमध्ये चढवायला दोन माणसं लागली. एकानं तिला धरलं, दुसऱ्यानं तिचे डबे.

थंडी सरता सरता निकाल आला. टीव्हीवर नकाशा दाखवला आणि त्यावर आमच्या गावाचा ठिपका. ओराशित्सा, देशातलं सर्वांत श्रद्धाळू गाव. सत्त्याण्णव टक्के लोकांची देवावर गाढ श्रद्धा. चौकातल्या कफानात, म्हणजे गावच्या खानावळीत, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. उरलेले तीन टक्के कोण, यावर पैजा लागल्या. बहुमत पोस्टमनच्या बाजूनं पडलं, कारण त्याची स्लावा वसंतात असते आणि त्या दिवशी तो बिचारा झोपला होता. तिहोमिर आत शिरला तेव्हा सगळ्यांनी उठून टोप्या काढल्या.

"या, संत तिहोमिर! आशीर्वाद द्या!"

तिहोमिरनं कॉफी न पिताच काढता पाय घेतला.

पण खरी पंचाईत झाली फादर गावरिलोंची. बिशपांच्या कचेरीतून त्यांना फोन आला. सचिव आनंदानं फुलून गेला होता.

"फादर, अभिनंदन! रविवारी किती येतात हो तुमच्याकडे?"

रविवारी आमच्या चर्चमध्ये चार म्हाताऱ्या येतात. थंडीत पाचवा घंटा वाजवणारा, शेगडीसाठी. फादर खोटं कधी बोलत नसत, पण खरं सांगायचीही त्यांना लाज वाटली.

"येतात," ते म्हणाले. "देवाच्या दयेनं येतात."

"जागा पुरते ना?"

"जागेची अडचण कधी आली नाही."

"छान! या रविवारी स्वतः बिशपसाहेब येणार आहेत तुमच्याकडे उपासनेला. त्यांना डोळ्यांनी बघायचंय."

फादरांनी फोन ठेवला. शेजारच्या गावच्या पाद्र्याचं काय झालं ते त्यांना ठाऊक होतं. लोक श्रद्धाळू आणि चर्च रिकामं, तर दोष मेंढपाळाचा, असं म्हणून बिशपांनी त्याला डोंगरातल्या अशा गावी धाडलं होतं, जिथं थंडीत रस्ता सापडत नाही आणि डॉक्टर कधीच सापडत नाही. आमच्याकडे पाद्री संसारी असतात, आणि फादरांच्या बायकोला, दसांकाबाईंना, दमा होता. अशा ठिकाणी त्या एक हिवाळा काढत्या ना काढत्या. शिवाय बावीस वर्षं ज्या गावात काढली, तिथल्या लोकांची लग्नं लावली, बारशी केली, मयतं केली, ते गाव या वयात सोडायचं कसं?

ते तडक तिहोमिरकडे गेले. बुद्धिबळाचा पट मांडलेलाच होता, पण ते बसले नाहीत.

"बावीस वर्षं माझं डोकं खाल्लंस देव नाही म्हणून! आणि त्या पोरीला 'हो' सांगतोस?"

"अरे, देव आहे का, असं तिनं विचारलंच नाही! स्लावाबद्दल विचारलं. पुढ्यात ताट होतं, समोर रुझित्सा होती. 'नाही' म्हणालो असतो तर तिनं मला त्याच झाऱ्यानं..."

"सगळ्या गावानं हेच केलं. आता बिशप येणार, चार म्हाताऱ्या बघणार आणि मला डोंगरात पाठवणार."

तिहोमिरचं तोंड उतरलं. आपल्या थट्टेचं ओझं दसांकाबाईंच्या छातीवर पडतंय हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला मनापासून शरम वाटली.

"किती माणसं बसतात तुझ्या चर्चमध्ये?" त्यानं विचारलं.

"बसत नाहीत, उभी राहतात. बावीस वर्षांत एकदा तरी आला असतास तर माहीत असतं."

"ते सोड. सभा भरवायच्या तर मी भरवीन. आमच्या काळी मंत्री यायचा, तेव्हा मी खताच्या गोदामात सातशे माणसं टाळ्या वाजवायला उभी केली होती."

आणि खरंच, तो दारोदार हिंडला. फादरांसाठी म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. अडचण वेगळीच निघाली. छातीवर बोटांनी क्रूस कधी करायचा, मान कधी लववायची, गुडघे टेकायचे की नाही, कुणालाच आठवेना. शेवटी तिहोमिरनं कफानात सगळ्यांना जमवून सोपा नियम घालून दिला.

"पुढे स्तानिका आजी उभी असेल. ती जन्मभर चर्चमध्ये जातेय. ती जे करेल ते करायचं. डोकं चालवायचं नाही."

रविवारी चर्च असं भरलं की मेणबत्त्या संपल्या. बिशपसाहेब सोनेरी झग्यात आत आले, गर्दी बघून क्षणभर थबकले आणि प्रसन्न झाले. पहिला अर्धा तास झकास गेला. स्तानिका आजीनं क्रूस केला की सगळ्या गावानं केला. आजी वाकली की गाव वाकलं. आजीनं नाक पुसलं तेव्हा मागच्या दोन रांगांनी नाकं पुसली, पण ते धुरात खपून गेलं.

बिशपसाहेब वेदीच्या पडद्याआड गेले, आणि नेमकं तेव्हाच स्तानिका आजीला आठवलं की आपण दूध चुलीवर ठेवून आलोय. तिनं घाईघाईनं क्रूस केला आणि ती दाराकडे निघाली. गावानं क्रूस केला आणि गाव दाराकडे निघालं.

तिहोमिर दबक्या आवाजात ओरडत होता, "थांबा! अरे थांबा!" पण त्याचाच नियम होता, डोकं चालवायचं नाही. आजीचं घर चर्चच्या मागच्या बाजूला. तिथं जायचं तर चर्चला वळसा घालावा लागतो. आजी पुढे, तिच्यामागे अख्खं ओराशित्सा. घंटावाल्यानं वर मनोऱ्यातून पाहिलं, त्याला ही सणासुदीची प्रदक्षिणा वाटली आणि त्यानं घंटा वाजवायला घेतल्या. बिशपसाहेब पडद्याआडून आशीर्वाद द्यायला बाहेर आले, तर समोर फक्त फादर गावरिलो, पांढरेफटक.

"लोक कुठे गेले?"

 फादरांनी दाराकडे बोट दाखवलं. बिशपांनी खिडकीतून पाहिलं, हातात क्रूस घेतला आणि तेही लगबगीनं मिरवणुकीत सामील झाले. आजीच्या फाटकाशी सगळे थांबले. आजी आत गेली, चूल बंद करून बाहेर आली आणि दारात उभ्या गावाकडे बघून म्हणाली, "बया बया! तुम्हाला काय पाहिजे?"  बिशपांनी फाटकाला आशीर्वाद दिला. मग आजी चर्चकडे परतली आणि तिच्यामागे सगळे.

उपासना आटोपल्यावर अंगणात बिशपसाहेबांचे डोळे पाणावले होते.

"गावातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीच्या मागे चालत प्रदक्षिणा! कुणी सांगितलं नाही, कुणी बोलावलं नाही! फादर गावरिलो, तुमच्यासारखा माणूस खेड्यात ठेवणं हे पाप आहे. शहरातलं माझं मोठं चर्च रिकामं पडलंय. या सोमवारपासून तुम्ही तिकडे."

दसांकाबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. शहराचा धूर, कारखान्यांची काजळी, चौथ्या मजल्यावरची खोली. फादरांनी तिहोमिरकडे पाहिलं. हा घोटाळा ज्यानं केला, त्यानंच आता निस्तरावा, असं त्या नजरेत स्पष्ट दिसत होतं. तिहोमिर पुढे झाला.

"बिशपसाहेब, माफ करा, पण हा पाद्री काही कामाचा नाही."

बिशपसाहेबांनी चमकून वळून पाहिलं, पण तिहोमिर थांबला नाही.

"बावीस वर्षं रोज माझ्यासमोर बसतो, एकदाही मला पटवू शकलेला नाही. इथले हे सगळे, यांतला एकही रविवारी येत नाही. आज मी आणले म्हणून आले. ती पाहणी स्लावाच्या दिवशी झाली. जेवणाच्या ताटावर कोण कुणाला 'नाही' म्हणतं? याला शहरात नेलंत तर तुमचं उरलंसुरलं चर्चही रिकामं होईल."

फादर खाली मान घालून उभे होते. वाचवायलाच बोलतोय हे त्यांना कळत होतं, पण त्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि तोही चारचौघांत. त्यांचे कान लाल झाले.

बिशपसाहेबांच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला. "बरं," ते म्हणाले. "मग मी सरळ विचारतो, म्हणजे कुणाचा गोंधळ नको. स्लावा नाही, आजोबा नाही. देव आहे असं जे मानतात, त्यांनी हात वर करा."

लोकांनी आधी तिहोमिरकडे पाहिलं. तिहोमिरनं हळूच मान हलवली, नाही. हात वर गेला की पाद्री शहरात गेला. एकही हात वर झाला नाही. माणसं बुटांकडे बघत होती. गेल्याच हिवाळ्यात ज्याचा नातू तापातून उठला होता, तो गवंडीही बुटांकडे बघत होता. वारा तेवढा वाहत होता. असला लाजिरवाणा क्षण आमच्या गावानं कधी पाहिला नव्हता.

आणि मग तिहोमिरची नजर स्तानिका आजीवर गेली. काळी शाल अंगाभोवती घट्ट लपेटून ती उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.  आपण नाही म्हणणं वेगळं आणि हिला नाही म्हणायला लावणं वेगळं. तो तिच्याजवळ गेला आणि कुजबुजला, "आजी, तुम्ही करा वर. तुमचं खरं आहे."

आजीला ऐकू कमी येत असे, त्यामुळे ती नेहमी मोठ्यानं बोलायची.

"केला तर फादरांना नेतील ना रे?"

सगळ्या अंगणानं ऐकलं. बिशपसाहेबांनीही.

"म्हणजे आजीबाई," ते सावकाश म्हणाले, "एका पाद्र्यासाठी तुम्ही देवाला नाकारलंत?"

आजीनं डोळे पुसले. "देव समजून घेईल, साहेब. त्याची माझी जुनी ओळख आहे. नवीन पाद्री कसला येईल, काय माहीत!"

कुणी हसलं नाही.  बिशपसाहेब फादरांकडे वळून म्हणाले, "माझ्या शहरातले लोक माझ्यासाठी देव सोडा, रविवारची झोपसुद्धा सोडणार नाहीत. राहा इथंच. पण थोडी तरी लाज वाटू द्या."

"वाटतेय, साहेब," फादर म्हणाले. "बावीस वर्षं मी यांना देव शिकवत होतो. यांनी मलाच पाठ केलं."

बिशपांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी अंगणातून कुणी हललं नाही. फादर राहिले याचा आनंद व्हायला हवा होता, पण कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना. मग गवंडी पुटपुटला, "माझे हातमोजे आत राहिलेत वाटतं," आणि चर्चमध्ये गेला. पाठोपाठ कुणाची छत्री राहिली होती, कुणाचा चष्मा. चष्मा तर नाकावरच होता. आत गेलेली माणसं लवकर बाहेर येईनात. फादर दारात उभे राहून हे बघत होते, आणि त्यांनी एकालाही काही विचारलं नाही.

तिहोमिर आत गेला नाही. त्याचं आत काही राहिलं नव्हतं. साऱ्या गावात तो एकटाच खरं वागला होता, हात खाली ठेवून, आणि लाज मात्र त्यालाच सर्वांत जास्त वाटत होती. चर्चला वळसा घालून तो स्तानिका आजीच्या फाटकाशी गेला. आजी पायरीवर बसली होती.

"आजी, चुकलो मी. तुमच्यासारखीला हात खाली ठेवायला लावला. मला माफ करा."

"काय?"

"हात!" तिहोमिर ओरडला. "तुमचा हात!"

"हात होय?" आजी म्हणाली. "अरे, हात वरच होता माझा. शालीच्या आत. बिशपाला दिसला नाही, एवढंच." मग पुढे वाकून ती म्हणाली, "माझ्या शेजारी तुझी रुझित्सा उभी होती. तिच्याही शालीला आतून असाच उंचवटा आला होता. पोस्टमननं टोपीखाली केला होता."

तिहोमिरनं चर्चकडे वळून पाहिलं.

"आणि तुझा रे?" आजीनं विचारलं. "तुझा कुठे होता?"

"खिशात."

"खिशात वर होता की खाली?"

 देवाबद्दल कुणी काहीही विचारो, तिहोमिरपाशी उत्तर नेहमी तयार असायचं. आजी वाट बघत होती. त्याचा हात अजूनही खिशातच होता, आणि तो बाहेर काढायची त्याला लाज वाटत होती.